पावसात वाहतूक वळवताना: आधी उभं राहायची जागा ठरवा, मग जॅकेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रस्त्यावर उभं राहून वाहतूक वळवायचं काम तुम्ही नुकतंच सुरू केलंय आणि पहिलाच पाऊस लागलाय. मिळालेलं चमकदार जॅकेट रेनकोटच्या आत घालायचं की वर? छत्री चालेल का? आणि वरिष्ठ म्हणतात, "रस्त्याच्या मधोमध उभी राहा, कडेला उभं राहणं म्हणजे कामचुकारपणा", तर खरंच कुठे उभं राहावं?

उत्तरं देतो, पण क्रम उलटा करून. जॅकेटचं तुम्ही सगळ्यात आधी विचारलंत. इतकी वर्षं हेच काम केल्यावर मी ते नंतर विचारेन, जागेचं आधी.

कोरड्या दिवसांत हात वर केला की गाडी थांबते. याची इतकी सवय होते की आपण आपल्या हाताला रेल्वेचं फाटक समजायला लागतो. पावसात हा समज घरी ठेवून यायचा. रस्ता वाहतुकीबद्दलच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात (तो आंतरराष्ट्रीय करार आहे) अधिकृत माणसाचा इशारा सिग्नलच्या दिव्यापेक्षाही वरचा मानलाय. तो मान कायद्यातला झाला, ओल्या डांबराला तो कळत नाही.

हिशेब एकदा नीट मांडून बघा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. तुम्ही दिसलात, हा माणूस आहे आणि थांब म्हणतोय हे डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्याला दीड सेकंद धरला तर २१ मीटर गेले आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही. पुढे कोरड्या रस्त्यावर १४-१५ मीटर लागतात, ओल्यावर टायर बरे असतील तर २५ च्या आसपास. म्हणजे ३५ चे ४५ झाले. आकडा फार वाटत नाही ना? आता ताशी ८० चा वेग धरा: कोरड्यावर ७०, ओल्यावर ९५ च्या पुढे. आणि हे सगळं तुम्ही चालकाला वेळेवर दिसलात असं गृहीत धरून. टायर गोटा झालेला असेल, किंवा गाडी नुकतीच साचलेल्या पाण्यातून आली असेल आणि ब्रेक भिजलेले असतील, तर हा हिशेब सोडून द्यायचा.

त्यातही सगळ्यात वाईट पाऊस धो धो पडणारा नसतो. बरेच दिवस कोरडे गेल्यावर पडणारी पहिली भुरभुर वाईट. रस्त्यावर सांडलेलं ऑइल, टायरची झीज, धूळ यांचा थोड्याशा पाण्यात मिळून पातळ लगदा होतो आणि तो धुऊन जाण्याइतकं पाणी अजून पडलेलं नसतं. चालकांनीही वेग कमी केलेला नसतो, कारण त्यांच्या मते पाऊस अजून "सुरूच झालेला नाही". पहिला अर्धा तास मी कोणालाही शक्यतो अचानक थांबवत नाही. जे वाहतंय ते वाहू देतो आणि मोठी फट आली की तिथे रांग तोडतो.

माझा स्वतःचा धडा अशाच एका भुरभुरीतला आहे. संध्याकाळची वेळ, सिग्नल बंद पडलेला, मी झेब्रावर उभा. एका मोटारीला हात दाखवला, चालकाने पाहिलं, ब्रेकही मारला. चाकं जाम झाली आणि गाडी घसरत आली. वेग फार नव्हता, म्हणून सगळं स्पष्ट दिसत होतं: पुढची दोन्ही चाकं पूर्ण डावीकडे वळलेली, चालक स्टिअरिंगला लटकल्यासारखा, आणि गाडी मात्र नाकासमोर सरळ माझ्याकडे. जाम झालेलं चाक वळवून काही होत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी पाहिलं. मी मागे पाऊल टाकलं ते नेमकं झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यावर. ओला रंग काचेसारखा असतो. पाय गेला आणि मी बसलो. गाडी माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबली. चालक उतरून माफी मागत होता आणि मला त्याच्यापेक्षा माझाच राग येत होता, कारण गाडी घसरेल हे मी धरलं होतं, माझा पाय घसरेल हे धरलंच नव्हतं.

तेव्हापासून जागा निवडताना मी दोनच गोष्टी बघतो. समोरचा थांबलाच नाही तर मी कुठे जाणार, आणि तिथे जाताना पायाखाली काय असणार. ड्यूटी सुरू होताना, गाड्या तुरळक असताना, त्या सुटकेच्या वाटेवर खरंच दोनदा चालून बघा. रंगाचे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, ओली पानं, बारीक खडी हे सगळं लक्षात ठेवा. तीन-चार पावलांत फुटपाथ, डिव्हायडर किंवा एखादा दणकट खांब गाठता आला पाहिजे. नुसत्या प्लास्टिकच्या कोनामागे किंवा हलक्या बॅरिकेडमागे उभं राहणं म्हणजे आडोसा नव्हे. तो फक्त चालकाला दिसण्यापुरता.

आता थांबवायचं कसं. पावसात कोणती गाडी थांबवायची हे आपण ठरवायचं, समोर येईल तिला हात दाखवायचा नाही. भरलेला ट्रक उतारावरून येत असेल तर त्याला जाऊ द्या आणि त्याच्या मागच्याला धरा. दुचाकीला शेवटच्या क्षणी थांबवू नका, तिचं पुढचं चाक ओल्यात जाम झालं की ती पडतेच. गाडी पक्की केली की आधी तिच्याकडे बोट किंवा बॅटन (हातातली दिव्याची दांडी) रोखा, "तू" असं कळेल इतकं स्पष्ट, आणि मग पंजा दाखवा. इशारा तीन-चार सेकंद तसाच धरून ठेवा. काचेवर पाणी असतं, वायपर फिरल्यावर क्षणभर नीट दिसतं आणि पुन्हा धूसर होतं. घाईत केलेला हातवारा दोन वायपरच्या मधे हरवतो. हालचाल मोठी आणि संथ ठेवा.

हात दाखवल्यावर चालकाच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका, ओल्या काचेतून तो दिसणारच नाही. गाडीचं नाक बघा. ब्रेक लागला की बोनेट खाली झुकतं, दुचाकीचे पुढचे शॉकअप दबतात. रात्री तर हे आणखी सोपं आहे: रस्त्यावर पडलेला हेडलाइटचा उजेड एकदम जवळ ओढल्यासारखा होतो. नाक झुकलं नाही, उजेड हलला नाही, तर त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही असंच समजा आणि बाजूला व्हा. शिट्टी नंतर मारा, आधी पाय हलवा. हे एवढं एक वाचायला शिकलात तरी पुष्कळ झालं. नव्या लोकांना मी पहिले दोन दिवस काहीही न करता कडेला उभं राहून फक्त नाकं बघायला लावतो. ते कंटाळतात. बघू देत.

पहिली गाडी थांबली म्हणून लगेच पुढे सरकू नका. तिच्या मागची थांबली का बघा, कारण मागच्याने ठोकलं तर पुढची ढकलली जाते आणि तुम्ही तिच्या नाकासमोर असता. एकापेक्षा जास्त लेन असतील तर धोका वेगळा: पहिल्या लेनमध्ये बस किंवा ट्रक थांबला की पलीकडच्या लेनमधल्याला तुम्ही दिसतच नाही आणि तुम्हालाही तो दिसत नाही. थांबलेल्या मोठ्या गाडीच्या कडेशी या, वाकून पलीकडे बघा, ती लेनही थांबवा, मग पुढचं पाऊल. दोन्ही बाजू थांबल्यावर दुसऱ्या बाजूला सोडण्याआधी चौक पूर्ण रिकामा झाला का हे कोरड्या दिवसापेक्षा दोन-तीन सेकंद जास्त थांबून बघा. लोक हॉर्न वाजवतील. वाजवू द्यात.

रांग लांबत गेली तर तिचं शेपूट कुठे गेलंय हे विसरू नका. वळणामागे किंवा चढाच्या पलीकडे उभ्या रांगेवर मागून येणारा आदळतो तो पावसात. सोबत दुसरा माणूस असेल तर त्याला रांगेच्या शेपटापाशी, खरं तर शेपटाच्याही मागे, कडेने पाठवा. वॉकीटॉकीवर एकमेकांशी बोलताना सांगितलेलं वाक्य समोरच्याने परत म्हणून दाखवायचं, कारण पावसाच्या आवाजात "सोडू का" आणि "सोडू नका" यात फार फरक ऐकू येत नाही. आम्ही "सोड" आणि "धर" असे दोनच शब्द ठेवले होते.

रात्री मधोमध उभं राहण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण वरिष्ठांशी तुमचा वाद तिथेच आहे. कोरडा रस्ता खडबडीत असतो, हेडलाइटचा उजेड त्यावर विखुरतो आणि काही भाग चालकाकडे परत येतो, म्हणून त्याला रस्ता दिसतो. ओल्या रस्त्यावर पाण्याचा थर आरशासारखा वागतो. चालकाच्या स्वतःच्या दिव्यांचा उजेड पुढच्या पुढे निघून जातो, त्याला रस्ता काळाकुट्ट दिसतो. समोरून येणाऱ्याचे दिवे मात्र एकदा थेट आणि एकदा रस्त्यावरून उलटून, असे दुप्पट डोळ्यांत येतात. काचेवरचा प्रत्येक थेंब तो उजेड आणखी फोडतो. या दोन झोतांच्या मधे उभा असलेला माणूस नाहीसा होतो. अंधारात नाही, उजेडात नाहीसा होतो. म्हणून रस्त्याच्या मध्यरेषेवर, समोरासमोरच्या दिव्यांमधे, रात्री पावसात उभं राहू नका. उभं राहायचंच असेल तर जिथे दिव्याचा खांब तुमच्यावर पुढून किंवा बाजूने उजेड टाकतो अशी जागा घ्या. तुमच्या मागे झगझगीत फलक किंवा दुकानाचा उजेड नको, त्यात तुमची फक्त सावली उरते.

आता जॅकेट. रेनकोटच्या वर, नेहमी वर. आत घातलेलं जॅकेट फक्त तुम्हाला माहीत असतं. पारदर्शक रेनकोटमधून दिसतं असं काही जण म्हणतात. त्यावर पाण्याचे थेंब आणि आत वाफ धरली की काय उरतं ते आरशात बघा. खरा उपाय म्हणजे पट्ट्या लावलेला, चमकदार रंगाचाच रेनकोट मिळवणं. आयएसओ २०४७१ या मानकात अशा कपड्यांचे तीन वर्ग आहेत, तिसरा सगळ्यात जास्त दिसणारा. रस्त्यावरच्या कामाला तो मागा.

रंग आणि पट्टी ही दोन वेगळी कामं आहेत हेही लक्षात ठेवा. पोपटी-पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसा झळकतो, कारण उजेडातले अतिनील किरण घेऊन तो दिसणाऱ्या रंगात परत देतो. ढगाळ दिवशीही हे चालतं. रात्री तो रंग जवळजवळ निकामी. रात्री काम करते ती रेडियमची पट्टी, म्हणजे हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परत पाठवणारी. आणि इथे पावसाची गोम आहे. बऱ्याच पट्ट्यांवर अगदी बारीक काचेचे मणी उघडे असतात. त्यांच्यावर पाण्याचा थर बसला की उजेड आत नीट एकवटत नाही आणि पट्टी मंद होते. ज्यांचं वरचं आवरण गुळगुळीत असतं आणि उजेड परत फिरवायची घडण आत बंद असते, त्या ओल्यातही बऱ्यापैकी टिकतात. दिसायला दोन्ही सारख्याच. ओळखायची कशी? अंधाऱ्या जागी जॅकेट वीसेक पावलांवर टांगा, मोबाइलचा टॉर्च कानशिलाला, डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि बघा. मग त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि पुन्हा बघा. टॉर्च छातीपाशी धरून बघाल तर काहीच कळणार नाही, उजेड जिथून गेला तिथेच परत येतो. आमच्याकडची निम्मी जॅकेटं या परीक्षेत गळाली होती. मळलेली, सुरकुतलेली पट्टी तर कोरडीही चालत नाही.

मनगटांवर आणि घोट्यांवरही पट्टी बांधा. खाली केलेल्या हेडलाइटचा उजेड आधी पायांवर पडतो. शिवाय छातीवरची स्थिर पट्टी चालकाला खांब किंवा कोन वाटू शकते. हलणारे हातपाय बघितले की हा माणूस आहे हे लगेच कळतं.

छत्री नको. एक हात जातो, चेहरा झाकला जातो, वाऱ्यात ती तुम्हालाच ओढते. रेनकोटची टोपी हा दुसरा शत्रू. मान वळवली तरी टोपी जागेवर राहते आणि बाजूचं सगळं बंद. आत छज्जाची टोपी घाला, वरची टोपी मागे ओढून बांधा, म्हणजे डोळ्यांवर पाणी येणार नाही आणि कानही थोडे मोकळे राहतील. इलेक्ट्रिक गाड्या कोरड्यातही फारशा ऐकू येत नाहीत, रेनकोटवर थेंब वाजत असताना तर मुळीच नाही. चष्मा असेल तर वाफ न धरणारा काही उपाय करून ठेवा. शिट्टीत गोळी असेल तर ती भिजून अडकते आणि ऐन वेळी नुसता वारा जातो, म्हणून बिनगोळीची शिट्टी घ्या. बॅटनचे सेल ड्यूटीला निघताना बदला. बुटांचा तळ खोल नक्षीचा आणि मऊ रबराचा हवा. गमबूट साचलेल्या पाण्याला ठीक, पण ते सैल असतील तर पळता येत नाही आणि आत पाणी शिरलं की दोन दगड बांधल्यासारखे होतात.

मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत ठेवाच. तासन्‌तास ओले पाय राहिले की कातडी पांढरी, सुरकुतलेली आणि बधिर होते, मग भेगा पडतात आणि साचलेल्या पाण्यातले जंतू त्याच वाटेने शिरतात. लेप्टोस्पायरोसिस असाच होतो. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं काम दुसऱ्याला द्या. आणि थंडीला हलक्यात घेऊ नका. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. आधी बोटं मंदावतात, मग डोकं. आपले इशारे आळशी झालेत, हात अर्धाच वर जातोय, असं वाटलं किंवा जोडीदाराने सांगितलं की आत जायचं. तासाभराने अदलाबदल झालेली बरी.

पाणी साचून वाढत असेल तर काम बदलतं: आता वाहतूक चालवायची नाही, रस्ता बंद करायचा. घोट्याच्या वर, १५ सेंटिमीटर जोरात वाहणारं पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. ३० सेंटिमीटरला छोटी मोटार तरंगायला लागते, ६० ला बहुतेक गाड्या वाहून जातात. खोली बघायला स्वतः आत जाऊ नका, चेंबरचं झाकण पाण्याच्या दाबाने उचललं गेलेलं असू शकतं आणि वरून काहीच दिसत नाही. पाण्याच्या कडेला एक कोन ठेवा आणि दहा मिनिटांनी बघा. कोनाच्या बुडाशी पाणी आलं असेल तर तुमची जागाही मागे न्या. पाण्यात वीजवाहक तार पडलेली दिसली तर किमान १० मीटर लांब राहा, आणि नकळत जवळ गेलाच असाल तर पाय न उचलता, एकमेकांना चिकटवून, घासत मागे सरका. लांब टांग टाकलीत तर दोन पायांमधूनच प्रवाह वाहू शकतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. ३० सेकंदांच्या आत ऐकू आला म्हणजे ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा चौक सोडायचा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसायचं, झाडाखाली किंवा खांबाशेजारी नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनी परत. चौक त्या वेळात कोणाचाच नसतो आणि गाड्या हळूहळू का होईना, मार्ग काढतात. मी कितीदा बघितलंय.

अपघाताच्या जागी पाठवलं तर आपली गाडी येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला, थोडी तिरकी लावा आणि पुढची चाकं अपघातापासून दूर वळवून ठेवा, म्हणजे कोणी ठोकलं तरी ती माणसांवर जाणार नाही. त्या गाडीच्या अगदी पुढ्यात उभं राहू नका, ढकलली गेली तर तुमच्यावरच येईल. पेट्रोल पाण्यावर तरंगत लांब पसरतं, त्यामुळे पेटते फ्लेअर (रस्त्यावर ठेवायच्या इशाऱ्याच्या मशाली) नकोत, दिव्याचेच वापरा.

राहिले तुमचे वरिष्ठ. त्यांच्याशी वाद घालू नका, मीही घालून पाहिलाय. एखाद्या पावसाळी रात्री तुम्ही तुमच्या नेहमीच्या जागी, मधोमध, उभ्या राहा आणि जोडीदाराला सांगून त्यांना गाडीत चालकाच्या शेजारी बसवून तिथून दोन फेऱ्या मारायला लावा. रस्ता रिकामा असताना, हळू. तुम्ही कुठून दिसायला लागलात एवढंच त्यांनी सांगायचं. आमचे साहेब पहिल्या फेरीला "दिसला, दिसला" म्हणाले, ते कोनाकडे बघून. दुसऱ्या फेरीनंतर गाडीतून उतरले, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आमचा पॉइंट आठ पावलं मागे, दिव्याच्या खांबाखाली आला.